टल्सातली एक अदलाबदल: नौदलाचा चाकू देऊन घेतलेला केसचा ट्रॅपर

एप्रिलमधल्या एका रविवारी, दुपारी अडीचच्या सुमारास, ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात मी माझ्याकडचा दुसऱ्या महायुद्धातला नौदलाचा चाकू दिला. त्याच्या बदल्यात केस या अमेरिकी चाकू-कंपनीचा १९६५ ते १९६९ या काळातला ट्रॅपर, म्हणजे दोन पात्यांचा घडीचा चाकू, आणि धार लावण्याचा एक जुना आर्कान्सा दगड घेतला. पैसे एका हातातून दुसऱ्या हातात गेले नाहीत. सौदा ठरायला दोन दिवस लागले, आणि घरी आल्यावर त्यात एक उणेही निघाले. अमेरिकेत राहणारे मराठी मित्र मला अधूनमधून विचारतात, की जुना, चांगल्या पोलादाचा चाकू कुठे मिळेल. उत्तर ‘गन शो’ असे दिले की बहुतेक जण गप्प होतात. त्यांच्यासाठी हा एकच सौदा पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहितो आहे.

आधी जागा. टल्साचे बंदुकांचे प्रदर्शन वर्षातून दोनदा, वसंतात आणि नोव्हेंबरच्या आसपास, एक्स्पो स्क्वेअरमध्ये भरते. एका छपराखाली सुमारे ११ एकर जागा आणि ४,२०० च्या आसपास टेबले. दारासमोर तेलविहिरीवरच्या कामगाराचा ७५ फूट उंचीचा सोनेरी पुतळा उभा आहे. आत पाऊल टाकले की पहिल्या तासात दिशा कळेनाशी होते. लोक आपल्या बंदुका घेऊन येतात, दारावर त्या रिकाम्या असल्याची तपासणी होते आणि चाप चालू नये म्हणून प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधली जाते. गर्दी शांत असते. बरेचसे साठी ओलांडलेले पुरुष, काही कुटुंबे, हातगाड्या, कॉफीचे कागदी पेले.

बंदूक आणि चाकू यांच्यात कायद्याचा मोठा फरक आहे आणि आपल्या लोकांनी तो नीट समजून घ्यायला हवा. १९६८ च्या संघीय कायद्यानुसार दोन वेगवेगळ्या राज्यांत राहणाऱ्या खासगी माणसांना आपसात थेट बंदूक विकता येत नाही. मध्ये परवानाधारक विक्रेता लागतो. एच-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगताच येत नाही. साध्या घडीच्या चाकूला यातले काही लागू नाही. टेक्सासचा माणूस ओक्लाहोमाच्या माणसाला टेबलावरच चाकू देतो, हात मिळवतो, विषय संपतो. बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंवर मात्र १९५८ पासून संघीय निर्बंध आहेत, आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे. मी त्या वाटेला जात नाही.

माझा धंदा पोलादाला पाणी देण्याचा, म्हणजे उष्णता-प्रक्रियेचा. लहानपणी आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता हातात घेऊन त्याची पाती किती सरळ मिटतात हे पाहत बसायचो. ती सवय पुढे व्यवसायात उतरली आणि आता शनिवार-रविवारी टेबलांवरून फिरते. म्हणून मी चाकू पाहतो तो आधी पोलाद म्हणून, नंतर वस्तू म्हणून.

त्या शनिवारी माझ्या पिशवीत तीन चाकू होते, पण सांगण्याजोगा एकच. एका वृद्ध गृहस्थाच्या मृत्यूनंतर झालेल्या घरविक्रीत मी तो ९० डॉलरना घेतला होता. हा अमेरिकी नौदलाचा मार्क-२, लोक ज्याला सरसकट ‘का-बार’ म्हणतात तो. खरे तर का-बार हे न्यूयॉर्क राज्यातल्या ओलियन गावच्या युनियन कटलरी कंपनीचे चिन्ह. पण युद्धकाळात याच घडणीचे चाकू कॅमिलस, रोबसन आणि पाल या कंपन्यांनीही बनवले. माझा कॅमिलसचा होता. पाते ७ इंच, मुठीवर चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून बसवलेल्या, आणि सोबत नौदलाचे करडे म्यान. चामड्याच्या म्यानात चाकू वर्षानुवर्षे राहिला तर चामडे कमावतानाची रसायने पात्याला आणि पितळेला खातात, हिरवट थर धरतो. या करड्या कडक म्यानाने ते पाते वाचवले होते. दोन उणी मला माहीत होती: चकत्या सुकून शेवटाकडे थोडी फट पडली होती, आणि म्यानाच्या पट्ट्याचे टाके नंतर कुणीतरी घातलेले होते.

शनिवारी मी काहीही न घेता फक्त फिरतो. एवढ्या टेबलांत चाकू असलेली टेबले ढोबळमानाने तीन प्रकारची. पहिल्या प्रकारावर नागमोडी नक्षीचे चकचकीत ‘दमास्कस’ चाकू रांगेने मांडलेले असतात, किंमत २० ते ६० डॉलर. त्यातले बहुतेक पाकिस्तानातल्या वझिराबादच्या बाजूने येतात. कोणत्या पोलादाचे, किती कडक, यातले विक्रेत्याला काहीच सांगता येत नाही. अमेरिकेत नक्षीचे पोलाद पुन्हा हाताने घडवायला सुरुवात झाली ती बिल मोरान यांनी १९७३ साली चाकूकारांच्या प्रदर्शनात आपले चाकू मांडल्यापासून. त्यानंतर तयार झालेल्या चांगल्या लोहारांच्या पात्यावर त्यांचे नाव असते आणि तो माणूस आपल्या भट्टीबद्दल तासभर बोलू शकतो. नाव नाही, माणूस नाही, तर नक्षीला भुलू नये.

दुसरा प्रकार जाणकारांचा. काचेच्या पेट्या, मखमल, प्रत्येक चाकूखाली चिठ्ठी. तिथे शिकायला मिळते, पण अदलाबदलीत वाव कमी, कारण त्यांना भाव पाठ असतो. तिसरा प्रकार माझा आवडता: बंदूकवाला, ज्याच्या टेबलाच्या कोपऱ्यात सिगारच्या लाकडी खोक्यात दहा-बारा चाकू पडलेले असतात. एखाद्याच्या सगळ्या बंदुका एकरकमी घेताना त्याबरोबर ते आलेले असतात. त्याचे लक्ष बंदुकांवर असते. चाकू त्याला जड झालेले असतात असे नाही, पण त्यांच्यासाठी तो रात्र जागत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या एका टेबलावर त्या दिवशी मी जवळजवळ अडकलो होतो. शिंगाच्या मुठीचा केस ट्रॅपर, क्रमांक ५२५४. केसच्या क्रमांकात पहिला आकडा मुठीचा (५ म्हणजे खरे शिंग, ६ म्हणजे खाचा पाडलेले हाड, ३ म्हणजे पिवळे कृत्रिम), दुसरा आकडा पात्यांचा, उरलेला साच्याचा, म्हणजे घडणीचा. त्या मुठीच्या पट्ट्या सांबरशिंगाच्या होत्या. या धंद्यातले चांगले शिंग वर्षानुवर्षे भारतातून जात होते. पुढे भारताने निर्यात बंद केली आणि जुन्या सांबरशिंगाचा भाव चढला. आपल्याकडच्या जंगलात गळून पडलेले शिंग पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्यात कापले गेले आणि इथे ओक्लाहोमात माझ्या तळहातावर आले, हे मला आत कुठेतरी हलवून गेले. अशा वेळी माणूस डोळे मिटून पैसे मोजतो. मी भिंग काढले.

पाते आरशासारखे चमकत होते. कारखान्यातून निघालेल्या जुन्या केसच्या पात्यावर बारीक रेषा असतात, त्या पाठीकडून धारेकडे, आडव्या जातात. इथे त्या नव्हत्या. फिरत्या कापडी चाकाने घासून सगळे गुळगुळीत केलेले होते. पात्यावरचा शिक्का मात्र कडक, टोकदार. एवढे घासल्यावर शिक्क्याच्या कडा मवाळ व्हायला हव्यात. पाते झिजलेले आणि शिक्का ताजा, हे एकत्र नांदत नाही. एकतर पाते बदललेले किंवा शिक्का नंतर मारलेला. विक्रेत्याला त्यातले किती माहीत होते मला सांगता येणार नाही, आणि मी विचारलेही नाही. नुसते आभार मानून खाली ठेवला. याआधी असाच एक घासून चमकवलेला चाकू मी घेतलेला आहे, आणि त्यातले ११० डॉलर परत कधी आले नाहीत. घासलेले पोलाद परत येत नाही. गंज काढता येतो, गेलेला धातू भरता येत नाही.

मला हवा तो चाकू दुपारी तीनच्या पुढे दिसला. टेबल एम-१ गॅरंड बंदुकांचे होते. १९३६ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेली ही बंदूक, आणि या माणसाकडे त्यांचा अभ्यास होता: संगिनी, काडतुसांच्या क्लिपा, चामडी पट्टे, सगळे त्या युद्धाचे. कोपऱ्यात खोके. खोक्यात वर शंखासारख्या दिसणाऱ्या मुठीचे दोन जुने चाकू होते आणि त्यांच्या शेजारचे सगळे पोलाद लाल पडले होते. हे पाहिले की समजावे, त्या मुठी सेल्युलॉइडच्या आहेत. जुने सेल्युलॉइड कुजते, त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारच्या चाकूंनाही गंजवते. संग्रहात असा एक चाकू असला तर तो वेगळा ठेवावा लागतो. (घरी कुणाकडे आजोबांचा सेल्युलॉइडच्या मुठीचा वस्तरा असेल, तर तो आजच इतर वस्तूंपासून बाजूला काढा.)

सगळ्यात तळाशी ट्रॅपर होता. मिटलेला, सुमारे साडेदहा सेंटिमीटर लांब, तेलाने चिकटलेला, काळवंडलेला. नखखाचेत नख घालून मोठे पाते उघडले. अर्ध्यावर ते किंचित थांबले, मग खाड्कन उघडले. अमेरिकी लोक याला चाकूचे ‘चालणे-बोलणे’ म्हणतात आणि शब्द नेमका आहे: स्प्रिंग दमलेली असेल तर आवाज भुसभुशीत येतो. उघडलेले पाते मी अंगठा आणि बोटात धरून डावी-उजवीकडे हलवले. हालले नाही.

पात्याच्या बुडावर, म्हणजे मुठीत शिरते तिथे, शिक्का: ‘केस’, त्याखाली ‘एक्सएक्स’, त्याखाली ‘यूएसए’. दोन एक्स म्हणजे पात्याला दोनदा उष्णता-प्रक्रिया केल्याची खूण. नुसते ‘केस एक्सएक्स’ असते तर १९४० ते १९६४. ‘यूएसए’ १९६५ साली आले. १९७० पासून त्याखाली दहा ठिपके आले आणि दरवर्षी एक ठिपका कमी होत १९७९ ला एक उरला. इथे ठिपके नव्हते. म्हणजे १९६५ ते १९६९. मागच्या बाजूला ६२५४: हाड, दोन पाती, ट्रॅपर. शिक्क्याच्या कडा थोड्या मवाळ, तेवढ्याच जेवढ्या पन्नासहून अधिक वर्षांच्या वापराने व्हाव्यात.

मग हाड. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात केसने काही मुठींना ड्यूपाँटचे डेलरिन हे प्लास्टिक वापरायला सुरुवात केली आणि ते हाडासारखेच खाचा पाडून बसवले, त्यामुळे आकड्यावर विसंबता येत नाही. काही लोक तापलेली सुई टोचून पाहतात. दुसऱ्याच्या चाकूला ती टोचणे मला गैर वाटते. भिंगातून पट्टीच्या कडेला पाहिले की हाडात केसांच्या टोकांएवढी काळी छिद्रे दिसतात, जिवंतपणी ज्यातून रक्तवाहिन्या गेल्या ती. प्लास्टिकला छिद्रे नसतात. इथे ती होती, तेलाने भरलेली.

पात्यांचा काळेपणा निळसर-करडा, एकसारखा. हा गंज नव्हे, साध्या कर्ब पोलादाने हवेशी आणि कापलेल्या फळांशी केलेला संसार आहे, आणि तोच त्याला पुढे वाचवतो. धारेकडे दगडाचे हलके घासे होते, पण पात्याची उंची जवळपास पूर्ण. मिटल्यावर टोक पट्टीच्या आत नीट लपत होते. टोक मोडून पुन्हा घडवलेले असले की तिथे ते बाहेर डोकावते किंवा फार आखूड पडते. दुसरे, बोथट टोकाचे पाते जवळजवळ न वापरलेले.

मी किंमत विचारली. त्यांनी न पाहताच २२५ डॉलर सांगितले. मी चाकू जागेवर ठेवला आणि गॅरंडबद्दल विचारू लागलो, कारण मला खरोखर उत्सुकता होती. बोलता बोलता कळले की त्यांच्या मांडणीत मरीन आणि नौदलाच्या वस्तूंची जागा रिकामी आहे; का-बार घडणीचा चाकू त्यांच्याकडे होता तो युद्धानंतरचा. पिशवीतला मार्क-२ मी त्या क्षणी काढला नाही. टेबलापाशी तीन माणसे बंदुका हाताळत होती, विक्रेत्याचे अर्धे लक्ष तिकडे होते. आणि मला रात्री घरी जाऊन साच्याची खातरजमा करायची होती. तोवर ट्रॅपर कुणी नेला असता तर? ती शक्यता खरी होती. हा निर्णय बरोबर होता असे मी आजही ठामपणे म्हणणार नाही. तो चाकू तळाशी, घाणेरडा होता, एवढाच माझा आधार.

रविवारी दुपारी लोक आवराआवर सुरू करतात. खोके परत गाडीत नेण्याचा कंटाळा तेव्हा मनात येतो. मी अडीचला गेलो. ट्रॅपर तिथेच होता.

मी मार्क-२ म्यानासकट टेबलावर ठेवला आणि आधी उणी सांगितली: चकत्यांमधली फट, म्यानाचे नवे टाके. त्यांनी चष्मा वर केला, कॅमिलसची खूण पाहिली, पात्याच्या काळ्या लेपावर बोट फिरवले.

“धार कुणी लावलेली नाही,” ते म्हणाले.

“माझ्या हातून नाही. आधी कुणी लावली असेल तर मला दिसत नाही.”

“काय हवंय तुम्हाला याचं?”

“तुमच्या खोक्यातला ट्रॅपर. आणि थोडे वर.”

त्यांनी विचारले, थोडे म्हणजे किती. मी ४० डॉलर म्हणालो. माझा हिशोब असा: त्यांच्यासारख्या माणसाला म्यानासह हा मार्क-२ २५० च्या आसपास पडावा, ट्रॅपरला मी रोख २०० दिले असते. त्यांचा हिशोब वेगळा होता आणि तोही चुकीचा नव्हता: टाके नवे, म्हणून २२५, ट्रॅपरही २२५, सरळ बदल. आम्ही दोघे थांबलो. अशा वेळी मी गप्प राहतो. घासाघीस लांबली की दोघांनाही आपली वस्तू जास्त मोलाची वाटू लागते.

टेबलाखाली लाकडी पेटीत एक धारेचा दगड होता. आर्कान्साचा नोव्हॅक्युलाइट, हॉट स्प्रिंग्जच्या परिसरातून निघतो तो. पांढरट, घट्ट, आठ इंची, मधोमध किंचित खोल झालेला. तो दिसला तेव्हा मी म्हणालो, “पैसे राहू द्या. हा दगड.” ते हसले, पेटी उचलून ट्रॅपरशेजारी ठेवली आणि हात पुढे केला. नंतर त्यांनी आपले कार्ड दिले. मी माझा फोन नंबर कागदावर लिहून दिला, आणि मार्क-२ कुठल्या घरातून आला तेही. युद्धातल्या वस्तूची एवढी हकिगत तरी पुढच्या माणसाला मिळायला हवी.

या सौद्यात मी काय ओळखले आणि कुठे चुकलो, ते घरी कळले. दालनातला उजेड वरून येणारा, पिवळट. त्यात हाडाच्या खाचा गडद दिसतात आणि रेघा लपतात. घरी खिडकीशी, खनिज तेलाने हळूहळू चिकटा काढल्यावर, १० पटीच्या भिंगाखाली मागच्या पट्टीत मधल्या खिळ्यापासून खाचेच्या कडेने गेलेली केसाएवढी चीर दिसली. हाड आकसते, खिळा आकसत नाही. जुन्या मुठींत ही चीर नेहमीची. पण ती मला टेबलावर दिसायला हवी होती. पट्टी तिरकी धरून, छोट्या विजेरीचा उजेड बाजूने टाकून प्रत्येक खिळ्याभोवती पाहणे, एवढेच करायचे होते. विजेरी माझ्या पिशवीत होती. पात्यावर मी एवढा वेळ घालवला की मुठीचे अर्धे काम सुटले, आणि हे माझ्या धंद्याचे वळण आहे: पोलाद चांगले निघाले की बाकीचे मी लवकर माफ करतो. संग्राहकाच्या नजरेत या चिरेने किंमत सहज ४०-५० डॉलरनी उतरते.

मी त्यांना फोन केला. तक्रार करायला नव्हे. चीर त्यांना ठाऊक होती का, हे मला कळायला हवे होते. नव्हती. क्षणभर शांतता, मग ते म्हणाले, “नोव्हेंबरला घेऊन या, तुमचा चाकू परत देतो. तोवर विकत नाही.” मी एक रात्र मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅपरचे मोठे पाते त्याच दगडावर, मधला खोलगट भाग टाळून, पाच मिनिटे फिरवले आणि कागदाची कड कापली. पोलाद जसे असायला हवे तसे होते: दगडाला पकड देणारे, लवकर धार घेणारे. मी फोन करून सांगितले, मार्क-२ मांडणीत ठेवा.

आता ट्रॅपर एका खणात आहे, सेल्युलॉइडपासून दूर, पात्यांवर तेलाचा पातळ हात. त्याच्याखाली कार्ड ठेवले आहे. त्यावर लिहिले आहे: केस ६२५४, १९६५-६९, टल्सा, कॅमिलस मार्क-२ च्या बदल्यात, सोबत आर्कान्सा दगड. मागच्या पट्टीत मधल्या खिळ्याशी चीर, बाजूच्या उजेडात दिसते, घेणाऱ्याला दाखवणे.